पत पाहून उधारी, काम पाहून ठेकेदार

व्यापारी घराण्यात उधारी देण्यापूर्वी समोरच्याची पत पाहिली जाते, माल आपल्या काट्यावर तोलून घेतला जातो आणि व्यवहार त्याच दिवशी रोजमेळात उतरतो. घराची दुरुस्ती निघाली की मात्र लाखाचे काम ‘ओळखीचा आहे’ एवढ्या शब्दावर सोपवले जाते. ठेकेदार निवडण्यास वेगळी विद्या लागत नाही. पेढीवरची शिस्त घरी आणली तरी पुष्कळ.

पहिला विचार वेळेचा. भंडारा हा भाताचा जिल्हा. जुलैत रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू झाली की मजूर शेतावर जातो. मृगाच्या तोंडावर तर गळकी गच्ची साऱ्यांनाच एकदम आठवते. म्हणून फाल्गुनातच ठेकेदार ठरवावा आणि चातुर्मासापूर्वी काम आटोपावे. ओल्या दिवसांतील खोदकामात होणारी जीवहिंसाही त्यामुळे टळते.

दुसरी कसोटी त्याच्या प्रश्नांची. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराचे पाणी भंडारा शहरातील वस्त्यांत शिरले होते. पुरात भिजलेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आतली ओल सुकण्यास महिनोन्‌महिने लागतात. अशा भिंतीवर लगेच गिलावा आणि रंग चढवून देतो म्हणणारा माणूस ओल झाकतो. ‘पाणी येते कुठून?’ असे आधी विचारणारा मिस्त्री आपल्या कामाचा.

तिसरी कसोटी जुन्या कामाची. नवे काम सर्वांचेच देखणे असते. दोन पावसाळे झेललेली तीन घरे पाहावीत. घरमालकास तीन गोष्टी विचाराव्यात : ठरल्या रकमेत काम झाले का, मधेच ठेकेदार दुसऱ्या कामावर गेला का, तक्रार केल्यावर परत आला का?

मग लिखापढी. दर साहित्यासह की केवळ मजुरीचा, सिमेंट व जलरोधक द्रव्य कोणत्या प्रतीचे, गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा होणार की नाही, मलबा कोण उचलणार आणि मुदत किती, हे सारे कागदावर यावे. तीन अंदाजपत्रकांत फार स्वस्त असेल त्यात काय वगळले आहे, ते शोधावे.

बयाणा पहिल्या टप्प्याच्या साहित्यापुरता द्यावा. पुढील रक्कम टप्प्याटप्प्याने, मोजमाप करूनच. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारले जाते की नाही, हे घरच्याने पाहावे. गच्चीवर किमान 24 तास पाणी तुंबवून खालचे छत तपासावे. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवण्याचे आधीच लिहून घ्यावे.

राखलेली रक्कम ठेकेदाराची असावी, मजुराची नव्हे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याचे पैसे अडकवणे या दोषापासून फार दूर नाही. मजुरांचा हिशोब दर आठवड्यास चुकता होतो की नाही, हे मालकाने स्वतः विचारावे.

एवढे करूनही राहत्या घराच्या कामात फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तेथे उपयोगी पडतात ते करारपत्र, पावत्या आणि छायाचित्रे. जपून ठेवलेला कागद हीच आपल्या घराण्यांची जुनी सवय. घराच्या कामातही ती सोडू नये.