मालवाहू विमानांचे कनिष्ठ वैमानिक

वैमानिकाचा व्यवसाय म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर गणवेश, मानमरातब, भरघोस वेतन आणि देशोदेशींची भ्रमंती असे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते बहुतांशी प्रवासी विमानांच्या ज्येष्ठ वैमानिकांचे आहे. याच व्यवसायाची एक शाखा अशी आहे की, तिचे बरेचसे काम लोक झोपेत असताना चालते आणि तिच्या विमानांत प्रवाशांच्या जागी पेट्या रचलेल्या असतात. टपाल, पार्सले, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, ताजी फुले व मासळी वाहून नेणारी ही मालवाहू विमाने होत.

या शाखेत नव्याने दाखल झालेल्या वैमानिकाचे जीवन कसे असते? वेतन हा त्याचा केवळ एक भाग झाला. महिन्यातील किती रात्री घरी झोपावयास मिळते, पुढील आठवड्यात आपण कोणत्या गावी असू हे आधी कळते की नाही आणि पुरेशी झोप लाभते की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याच्या जीवनाचा दर्जा ठरतो. हा व्यवसाय अमेरिकेत फार विस्तारला असल्यामुळे या प्रश्नांचा विचार तेथील परिस्थितीच्या आधारे करणे सोयीचे ठरेल.

रात्रीचे काम कशासाठी?

व्यापारी दिवसभर माल तयार करतो, संध्याकाळी तो पाठवितो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ग्राहकाच्या हाती पडावा अशी अपेक्षा धरतो. तेव्हा वाहतुकीस उरते ती केवळ रात्र. त्यातही प्रत्येक शहरातून दुसऱ्या प्रत्येक शहराकडे स्वतंत्र विमान पाठविणे परवडणारे नसते. म्हणून सर्व विमाने एका मध्यवर्ती ठिकाणी आणावयाची, तेथे मालाची वर्गवारी करावयाची आणि विमाने पुन्हा आपापल्या दिशांना धाडावयाची, अशी पद्धत रूढ झाली.

या पद्धतीचे एक आरंभीचे उदाहरण भारतातच सापडते. १९४९ मध्ये भारतीय टपाल खात्याची रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. पुढे १७ एप्रिल १९७३ रोजी फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने अमेरिकेतील मेम्फिस हे केंद्र धरून १४ लहान जेट विमानांच्या साहाय्याने आपली सेवा सुरू केली. त्या पहिल्या रात्री २५ शहरांसाठी अवघी १८६ पार्सले होती. लुइव्हिल येथे केंद्र असलेल्या यूपीएस कंपनीने १९८८ मध्ये स्वतःची विमानसेवा उभारली. भारतात ब्लू डार्टची मालवाहू विमाने १९९६ पासून हेच काम करीत आली आहेत.

या व्यवस्थेत वैमानिकाची रात्र दोन भागांत विभागली जाते. तो संध्याकाळी उशिरा एखाद्या शहरातून निघून मध्यरात्रीच्या आसपास केंद्रावर उतरतो. तेथे दोन-तीन तास मालाची वर्गवारी चालते. त्यानंतर, म्हणजे साधारणतः पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, तो पुन्हा उड्डाण करतो आणि सूर्योदयाच्या सुमारास हॉटेलात पोचतो. मधल्या दोन-तीन तासांत डुलकी घेता यावी म्हणून मोठ्या कंपन्यांनी केंद्रांवर झोपण्याच्या खोल्या बांधल्या आहेत. तथापि खोलीपर्यंत जाणे, अंग टेकणे, पुन्हा उठून हवामानाचा अहवाल पाहणे आणि विमानाची तपासणी करणे या सगळ्यांतून प्रत्यक्ष झोपेसाठी उरणारा वेळ थोडाच असतो.

ज्येष्ठतेचा क्रमांक

अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकाच्या आयुष्यावर त्याच्या सेवाज्येष्ठतेच्या क्रमांकाइतका अधिकार अन्य कशाचाही चालत नाही. हा क्रमांक रुजू होण्याच्या दिनांकावरून ठरतो. एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा आपसांतील क्रम वयावरून किंवा अशाच एखाद्या ठरावीक रीतीने लावतात. त्यात कौशल्याचा, पूर्वानुभवाचा किंवा वरिष्ठांच्या मर्जीचा संबंध नसतो, आणि म्हणूनच वैमानिकांच्या संघटनांनी ही पद्धत कसोशीने जपली आहे. वशिल्याला तीत वाव नाही.

परंतु न्याय्य असलेली रांग शेवटी उभ्या असलेल्या माणसाला सुखाची वाटतेच असे नाही. कोणत्या शहरात नेमणूक व्हावी, कोणत्या प्रकारचे विमान चालवावयास मिळावे, सहवैमानिकाचा कप्तान केव्हा व्हावा, पुढील महिन्याच्या वेळापत्रकातील कोणती कामगिरी वाट्यास यावी, वार्षिक रजा मुलांच्या सुट्टीत मिळावी की भर हिवाळ्यात, या सर्व बाबतींत प्रत्येक जण आपली पसंती नोंदवितो आणि क्रमाक्रमाने ती पुरविली जाते. कनिष्ठाच्या वाट्यास येते ते इतरांनी नाकारलेले. नाताळाच्या आधीचे दिवस हा पार्सलांचा सर्वांत मोठा हंगाम; त्यामुळे घरोघरी सण साजरा होत असताना कनिष्ठ वैमानिक बहुधा दूरच्या एखाद्या हॉटेलात असतो.

या क्रमांकाची आणखी एक खोच आहे. तो एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभवी कप्तान कंपनी बदलतो तेव्हा तो पुन्हा रांगेच्या टोकाला उभा राहतो. मंदी आली की कपात याच टोकापासून सुरू होते. शिवाय पुढे सरकणे हे सर्वस्वी वरच्यांच्या निवृत्तीवर अवलंबून असते. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये वैमानिकांच्या निवृत्तीचे वय ६० वरून ६५ करण्यात आले. ज्येष्ठांना पाच वर्षे अधिक मिळाली. कनिष्ठांची रांग मात्र जवळजवळ तेवढाच काळ थबकली. मालाच्या ओघातील चढउतारही त्यांच्या हाती नसतात. अमेरिकी टपाल खात्याचा हवाई वाहतुकीचा मोठा करार २००१ पासून फेडेक्सकडे होता. तो सप्टेंबर २०२४ मध्ये संपला आणि ते काम मुख्यत्वे यूपीएसकडे गेले. अशा एका निर्णयाने एका कंपनीतील उड्डाणे घटतात, दुसरीतील वाढतात, आणि त्याचा पहिला परिणाम दोन्हीकडील सर्वांत खालच्या नावांवर होतो.

राखीव पाळी आणि भाड्याची खाट

नव्या वैमानिकास पुष्कळदा निश्चित वेळापत्रक मिळतच नाही. त्याची गणना राखीव वैमानिकांत होते. कोणी आजारी पडले, विमान बिघडले किंवा माल अचानक वाढला, की राखीव वैमानिकास बोलावणे येते आणि ठरलेल्या मुदतीत हजर व्हावे लागते. ही मुदत कधी एक-दोन तासांचीही असते. दूरध्वनी येईल की नाही हे ठाऊक नसल्यामुळे दुपारी झोपावे की जागे राहावे, याचा निर्णय त्याला अंदाजानेच घ्यावा लागतो. झोपला आणि बोलावणे आले नाही, तर रात्रीची झोप उडते. झोपला नाही आणि बोलावणे आले, तर सबंध रात्र जागेपणी विमान चालवावे लागते.

पुष्कळ वैमानिकांचे कुटुंब नेमणुकीच्या शहरी राहत नाही. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि घराचे कर्ज यांमुळे ते मूळ गावीच असते. मग वैमानिक दुसऱ्या विमानातील रिकाम्या जागेवर बसून कामाच्या गावी येतो. हा प्रवास त्याच्या कर्तव्यकाळात मोजला जात नाही. काही जण मिळून तळाजवळ एखादे घर भाड्याने घेतात. एकेका खोलीत दुमजली खाटा मांडलेल्या असतात आणि दिवसा पडदे ओढून झोपलेल्या सहकाऱ्याची झोप मोडू नये म्हणून इतरांना चोरपावलांनी वावरावे लागते. दुसऱ्या कंपन्यांना विमान व कर्मचारी भाड्याने पुरविणाऱ्या कंपन्यांतील वैमानिक महिन्यातील निम्मे किंवा त्याहूनही अधिक दिवस सलग घराबाहेर असतात. या काळात ते अनेक खंडांतून फिरतात आणि त्यांच्या शरीरास कोणत्याच गावची वेळ आपली वाटत नाही.

याहून खालच्या पायरीवर लहान गावांना जोडणाऱ्या छोट्या विमानांचा वैमानिक असतो. एका इंजिनाचे सेसना कॅरॅव्हॅन विमान तो बहुधा एकटाच चालवितो. पहाटे मोठ्या विमानतळावरून पार्सले घेऊन तो एखाद्या छोट्या गावी उतरतो, दिवसभर तेथेच थांबतो आणि संध्याकाळी तेथील माल घेऊन परततो. काही ठिकाणी पेट्या चढविणे-उतरविणे हेही त्याच्याच अंगावर असते. अमेरिकी नियमांनुसार उपकरणांच्या आधारे असे मालवाहू विमान चालविण्यासाठी किमान १,२०० तासांचा उड्डाणानुभव लागतो, तर मोठ्या विमान कंपनीत जाण्यासाठी सामान्यतः १,५०० तासांची अट आहे. हे तास पुरे करण्यासाठीच अनेक तरुण अल्प वेतनावर हे काम पत्करतात.

शरीरातील घड्याळ

या सर्व गैरसोयींच्या मुळाशी एक शारीरिक सत्य आहे. मनुष्याच्या मेंदूत, दृष्टिनाडी जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो प्रकाशाच्या आधारे शरीराचे दैनंदिन चक्र नियमित ठेवतो. रात्री दोन ते सकाळी सहा या काळात शरीराचे तापमान उतरते, प्रतिक्रिया मंदावतात आणि झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. मालवाहू विमानाची दुसरी फेरी नेमकी याच काळात येते.

दिवसा झोपून ही उणीव भरून काढता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शरीर त्याला सहजासहजी राजी होत नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेने रात्रीच्या मालवाहू वैमानिकांचा अभ्यास करून १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सुमारे तीन तासांनी कमी भरते, ती उथळ असते, आणि सलग अनेक रात्री काम करूनही शरीरातील घड्याळ नव्या क्रमाशी पूर्णपणे जुळत नाही, असे त्यात आढळून आले. सुट्टीच्या दिवशी वैमानिक कुटुंबाबरोबर दिवसा जागतो व रात्री झोपतो. त्यामुळे थोडेफार सरकलेले घड्याळही पुन्हा मूळ जागी येते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरते, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये केले व २०१९ मध्ये ते कायम ठेवले.

नियमांतील भेद

थकवा हा केवळ खाजगी त्रास नव्हे. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबामधील ग्वांतानामो येथे एक डीसी-८ मालवाहू विमान उतरताना कोसळले. तिघेही कर्मचारी गंभीर जखमी झाले, पण वाचले. ते रात्रभर काम करून पुढील दिवशीही कामावरच होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने थकवा हे विमान अपघाताचे संभाव्य कारण म्हणून प्रथमच या अपघाताच्या संदर्भात नमूद केले.

पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एका प्रवासी विमानाच्या अपघातात ५० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर नवे नियम तयार झाले व ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. कर्तव्यकाळ कोणत्या वेळी सुरू होतो यावर त्याची मर्यादा ठरविण्यात आली, आणि कामापूर्वी किमान १० तासांची विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी, आवश्यक करण्यात आली. परंतु मालवाहू कंपन्यांना हे नियम बंधनकारक केले गेले नाहीत. त्यांच्यावर पडणारा खर्च अपघात टळल्याने होणाऱ्या लाभापेक्षा अधिक आहे, असा हिशेब पुढे करण्यात आला. मालवाहू विमानात माणसे दोनच असतात. तेव्हा वाचणाऱ्या जिवांची संख्या गणितात लहान भरते. यूपीएसच्या वैमानिकांच्या संघटनेने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. २०१६ मध्ये निर्णय तिच्या विरुद्ध गेला. युरोपात त्याच वर्षी लागू झालेल्या नियमांत मात्र प्रवासी व माल असा भेद केलेला नाही.

ते नियम अमलात येण्याआधी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे, लुइव्हिलहून निघालेले यूपीएसचे एक एअरबस विमान बर्मिंगहॅमच्या धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. त्या रात्री उड्डाणापूर्वी ते दोघे थकव्याविषयी आणि नव्या नियमांतून मालवाहू वैमानिकांना वगळल्याविषयी बोलत होते, हे ध्वनिमुद्रणावरून उघड झाले. चौकशीत उतरण्याच्या पद्धतीतील चुका हे मुख्य कारण ठरले आणि थकवा हे साहाय्यक कारण. येथे एक गोष्ट विसरता कामा नये : त्यांचे वेळापत्रक जुन्या नियमांत बसत होते, आणि ते नव्या नियमांतही बसले असते. विश्रांतीसाठी मिळालेल्या वेळेचा सहवैमानिकाने पुरेसा उपयोग केला नव्हता, असेही चौकशीत नोंदले गेले. अर्थात कायदा झोपेची संधी देऊ शकतो, झोप देऊ शकत नाही.

सुधारणेच्या वाटा

तरीही हे काम आवडीने पत्करणारे पुष्कळ आहेत. मोठ्या मालवाहू कंपन्यांचे वेतन उत्तम प्रवासी कंपन्यांच्या तोडीचे असते. एक आठवडा काम व एक आठवडा घरी अशी कामगिरी मिळाली, तर मुलांबरोबर सलग काही दिवस घालविता येतात. प्रवाशांच्या तक्रारींचाही प्रश्न नसतो.

कनिष्ठांची स्थिती सुधारावयाची तर काही उपाय हाताशी आहेत. राखीव पाळीची वेळ आधी ठरवून ती एकदम दिवसावरून रात्रीवर न नेणे, सलग रात्रींची संख्या मर्यादित ठेवणे, केंद्रावर शांत व अंधाऱ्या खोल्या पुरविणे आणि थकलो असल्याचे सांगणाऱ्या वैमानिकास वेतनकपातीची भीती न वाटू देणे, हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण आहे; कारण जो नवा आहे, ज्याचा क्रमांक शेवटचा आहे, त्यालाच ‘आज मी उडू शकत नाही’ असे म्हणणे सर्वांत जड जाते.

वर्षे सरतात तसा क्रमांक वर चढतो, सण घरी साजरे करता येतात, तळही मनासारखा मिळतो. रात्र मात्र पूर्णपणे सुटत नाही. माल रात्रीच चालत असल्यामुळे दिवसाची उड्डाणे मोजकीच असतात. ज्येष्ठाला मिळते ते मुख्यतः कोणत्या रात्री जागावयाचे याची निवड करण्याचे स्वातंत्र्य. आणि तोवर त्याचे वयही वाढलेले असते व जागरण सोसण्याची शक्ती घटलेली असते. म्हणून कनिष्ठ वैमानिकाच्या झोपेचा प्रश्न तो ज्येष्ठ होईपर्यंत लांबणीवर टाकता येण्यासारखा नाही.