फोटोतला माणूस कोण, हे कोणी सांगायचे?

डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत सेनाप्रमुखांच्या दालनातले ढाक्याच्या शरणागतीचे चित्र उतरवून माणेकशॉ सेंटरमध्ये नेण्यात आले आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका मोठ्या वर्गाला ते चांगलेच झोंबले. त्यांच्या नाराजीत तथ्य होते. ते चित्र ज्या फोटोवरून काढले, त्या फोटोतला माणूस न् माणूस या देशाला पाठ आहे. टेबलाशी नियाझी आणि जगजितसिंग अरोरा, मागे कृष्णन, दिवाण, सगत सिंग, जेकब. मागच्या रांगेतून जेमतेम डोके दिसणाऱ्या अधिकाऱ्याचेही नाव शोधून काढून छापले गेले आहे. दर १६ डिसेंबरला बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत विजय दिवसाच्या कार्यक्रमांत तो फोटो झळकतो. पण १९७१ च्या त्याच डिसेंबरच्या अखेरीस ‘टाइम’ साप्ताहिकात आणखी एक फोटो आला होता. पाकिस्तानातल्या तुरुंगाच्या गजांमागून बाहेर पाहणारा एक भारतीय कैदी. खाली नाव नव्हते. तो माणूस कोण, याचे अधिकृत उत्तर आजही नाही. विजयाचा फोटो कुठल्या भिंतीवर टांगायचा यावर महिनाभर वाद घालणाऱ्यांपैकी या दुसऱ्या फोटोबद्दल किती जण बोलले?

युद्धकैद्यांचे फोटो आणि त्यांतली हरवलेली नावे ही गोष्ट १९७१ ला सुरू झालेली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात तुर्की वेढ्यातले कुत-अल-अमारा पडले, तेव्हा शरण गेलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. त्या वेढ्यातून सुटलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या एका भारतीय शिपायाचा फोटो जगभरच्या पुस्तकांत छापला जातो, तोही ‘एक भारतीय शिपाई’ म्हणून. बर्लिनजवळच्या झोसेनच्या छावण्यांत जर्मनांनी भारतीय कैद्यांचे फोटो काढले ते माणसांचे म्हणून नव्हे, वंशांचे नमुने म्हणून. वऱ्हाडाची अडचण तर वेगळीच. १९०३ पासून हा भाग मध्य प्रांताला जोडलेला, १९५६ पर्यंत राजधानी नागपूर. त्यामुळे बुलढाण्याच्या शिपायाचा माग मुंबई इलाख्याच्या कागदांत काढायला जाणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे. पण तो काळ परक्या राज्यकर्त्यांचा होता, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा काय करणार? हिशेब मागायचा तो १९७१ नंतरच्या दहा-बारा वर्षांचा. सरकार आपले होते, साक्षीदार जिवंत होते, कागद ताजे होते.

त्या दशकातली दोन मराठी नावे शेजारी ठेवून पाहिली की सगळा प्रश्न उलगडतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या हवाईतळावर पडले. पाचच दिवसांनी तशाच विमानातून गेलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर पकडले गेले. परुळकर रावळपिंडीच्या छावणीत होते. रेडक्रॉसकडे त्यांची नोंद होती. ऑगस्ट १९७२ मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह छावणी फोडून निघाले आणि लंडी कोतलजवळ पुन्हा सापडले. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्यावरून परतलेल्यांत ते होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या साहसाला रास्त मान दिला. तांबे यांचे नाव मात्र रेडक्रॉसच्या यादीत आले नाही. ते आले ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रातल्या पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत, तेही ‘टॉम्बे’ असे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पतीच्या शोधात त्यांनी पुढची सारी दशके खर्ची घातली. एकाच जातीच्या विमानातून गेलेल्या दोघांतला एक घरी आला, दुसऱ्याचा ठावठिकाणा नाही. दोघांत मला दिसणारा फरक एवढाच की एकाचे नाव योग्य कागदावर चढले आणि दुसऱ्याचे चुकीच्या कागदावर, चुकीच्या अक्षरांत.

म्हणून माझे म्हणणे असे की फोटोतला कैदी ओळखणे हे नजरेचे काम मुळात नाहीच, ते दप्तराचे काम आहे. फोटो कोणी काढला, कोणत्या दिवशी, कुठल्या तुरुंगात, त्या दिवशी तिथे कोणाकोणाला ठेवले होते, ही माहिती हाती असेल तरच चेहऱ्याच्या साम्याला अर्थ येतो. ‘टाइम’मधला कैदी म्हणजे मेजर ए. के. घोष, अशी त्यांच्या घरच्यांची खात्री होती. साप्ताहिक प्रतिष्ठित होते, छायाचित्रकार गाठण्यासारखा होता, मूळ निगेटिव्ह तेव्हा ताजी होती. कानाची ठेवण माणसागणिक वेगळी असते, हे पॅरिसच्या बर्तियोंने एकोणिसाव्या शतकातच पोलिसांच्या कामाला लावले होते. म्हणजे तपासाची साधने होती. मेजर अशोक सुरी यांच्या बाबतीत ती वापरलीही गेली. डिसेंबर १९७४ मध्ये आणि पुन्हा १९७५ मध्ये कराचीहून आलेल्या चिठ्ठ्यांचे हस्ताक्षर पारखून संरक्षण खात्याने त्यांची नोंद ‘धारातीर्थी’वरून ‘बेपत्ता’ अशी बदलली. चिठ्ठीला जो न्याय मिळाला तो फोटोला मिळाला नाही. फोटो खरा ठरवला गेला नाही, खोटाही ठरवला गेला नाही. तो तसाच लोंबकळत ठेवणे सगळ्यांच्या सोयीचे होते.

यावर ठरलेले उत्तर येते की पाकिस्तान नाकारत होता, आपण काय करणार? हे उत्तर १९९० नंतर कोणी दिले असते तर ऐकून घेता आले असते. पण १९७२ मध्ये सिमला करार झाला तेव्हा सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्या छावण्यांत होते आणि त्यांची परतपाठवणी १९७४ पर्यंत चालली. तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे प्रत्येक कैद्याचे कार्ड भरून ते जिनिव्हाच्या केंद्रीय कचेरीत पोहोचवणे बंधनकारक होते. आपल्या बेपत्ता जवानांची नावे एकेक करून त्या कार्डांशी ताडून पाहण्याचा आग्रह त्या दोन वर्षांत धरता आला असता. पुढे १९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी पाकिस्तानात अडकलेल्या ४० जणांची नावे लोकसभेत दिली. ती हातात होती तर पाच वर्षे आधी काय झाले होते? काँग्रेसचे सरकार, जनता सरकार, पुन्हा काँग्रेस, कोणालाही यातून मोकळे सोडता येत नाही. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आले, २००७ मध्ये १४ जणांना निरनिराळ्या तुरुंगांत. दोन्ही वेळा ओळखण्याचे ओझे बायका, भाऊ, मुले यांच्या डोळ्यांवर टाकले गेले. दप्तराचे काम नजरेवर ढकलले, की अपयशही नातेवाइकांच्याच नावावर जमा होते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. आस लागलेल्या माणसाला कुठल्याही चेहऱ्यात आपलाच माणूस दिसतो. १९९१ मध्ये अमेरिकेत तीन जणांचा एक फोटो गाजला. व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या तीन वैमानिकांच्या घरच्यांनी आपापला माणूस त्यात ओळखला. पुढे निघाले ते १९२३ च्या सोव्हिएत शेतकऱ्यांचे फेरफार केलेले छायाचित्र. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण तो नातेवाइकांविरुद्ध जात नाही. तिथल्या सरकारने मूळ फोटो शोधला, छापून आल्याची जागा दाखवली आणि घरच्यांना नाही म्हणून सांगितले. आपल्याकडे हो कोणी म्हटले नाही आणि नाहीही नाही. संसदेत मात्र आकडा दिला जातो. ८३ बेपत्ता, त्यांत युद्धकैदीही.

आता तिसरी गंमत आली आहे. जुना, फुटलेला फोटो संगणकाकडे द्यायचा आणि तो डोळे, भुवया, ओठ रेखून देतो. वृत्तपत्री छपाईतला चेहरा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. त्यात जे उमटलेच नाही ते यंत्र कुठून आणणार? ते लाखो इतर चेहऱ्यांवरून अंदाजाने भरते. मग समोर येतो तो एक गुळगुळीत, पटण्याजोगा, परका माणूस. चेहरे जुळवणाऱ्या यंत्रणेचा उपयोग नाही असे नव्हे, पण तिला जुळवायला शेजारी खरा, तारीख असलेला, नाव लिहिलेला फोटो लागतो. घोडे पेंड खाते ते तिथेच.

बुलढाणा जिल्ह्याच्या हातात यातले एवढे तरी नक्की आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांचे फोटो चौकाचौकांत लागले. आजच्या जवानाचा चेहरा हरवणार नाही. हरवतील ते १९६२, १९६५, १९७१ चे आणि त्याआधीच्या दोन महायुद्धांचे, जे पत्र्याच्या ट्रंकांत आणि देवघराशेजारच्या काळवंडलेल्या चौकटींत आहेत, आणि ज्यांना नावानिशी ओळखणारी शेवटची पिढी थकली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तालुक्यातालुक्यांतून हे फोटो मागवून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. आणि कार्यालयाची वाट न पाहता सिंदखेडराजा, मेहकर, चिखली, खामगावच्या घरांनी आपल्याकडच्या फोटोंच्या मागे आजच लिहावे. पूर्ण नाव, गाव, पलटण, सैनिक क्रमांक, फोटोचे साल, शेजारी उभा असलेला कोण. पेन्सिलने लिहा, शाई पुढे उमटते.