गाणारीच्या गैरहजेरीतील कारकीर्द

इसवी सन १९०७ मध्ये जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्याच्या अध्यक्षस्थानी होते, आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नामक सतरा वर्षांच्या मुलाचे काव्यगायन ऐकून तेथे त्यास ‘बालकवी’ ही पदवी बहाल झाली, हा प्रसंग मराठी वाङ्मयाच्या इतिहासात यथास्थित नोंदला गेला आहे. त्याच वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात सोपानदेव या मुलाचा जन्म झाला. त्याची आई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, तिला अक्षरओळख नव्हती, आणि पहाटे घरोटावर, म्हणजे दळणाच्या जात्यावर, बसली म्हणजे ती स्वतःच रचलेली गाणी स्वतःच गात असे. संमेलनाच्या मंडपापासून चौधरी वाड्याचे अंतर ते काय असणार! परंतु मंडपातील विद्वज्जनांना वाड्यातील गाण्याची आणि वाड्यातील गाणारीला मंडपातील सन्मानाची वार्ता पोहोचण्याचा कोणताही मार्ग त्या काळी उपलब्ध नव्हता, आणि त्याबद्दल कोणा एकाला बोल लावावा अशी ती गोष्टही नव्हे.

आपले गीत आपणच रचावे, आपणच गावे आणि त्यावर लौकिक मिळवावा, ही आज जगभर रूढ झालेली गायक-कवींची वहिवाट. तिचा क्रमही ठरलेला असतो: प्रथम लहानसा मंच, मग ध्वनिमुद्रिका, मग दौरे, मग कीर्ती, आणि अखेरीस पूर्वीच्या कीर्तीवर चालणारा उतारकाळ. सोपानदेवांच्या या आईची, बहिणाबाई चौधरी यांची, कारकीर्द या क्रमाच्या अगदी उलट आहे. ती सुरू झाली तेव्हा त्या हयात नव्हत्या. ज्या आवाजाने ती गाणी प्रथम उच्चारली त्याची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. तरीही १९५२ पासून आजपर्यंत ही कारकीर्द अव्याहत चालू आहे. गाणारीच्या गैरहजेरीत चाललेल्या या कारभारात कोणाकोणाचे हात लागले आणि त्यात काय राखले गेले, काय निसटले, याचा तपास करणे हा या लेखाचा हेतू होय.

चरित्राचा तपशील थोडक्यात आटोपतो, कारण तो आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. जळगावपासून जेमतेम दोन कोसांवरील असोदे येथे उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या पोटी २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या सणाला, त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी विवाह झाला. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन अपत्ये झाली. तिशीच्या आसपास वैधव्य आले. प्लेगच्या साथीने ओंकारला कायमचे अपंगत्व दिले. आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावातच त्यांनी देह ठेवला. असोदे ते जळगाव एवढ्याच पट्ट्यात सारे आयुष्य गेले. माहेर इतके जवळ असूनही माहेराच्या वाटेवर त्यांनी इतके लिहिले — ‘लिहिले’ हा शब्द येथेही सवयीने येतो — की परक्या वाचकास ते माहेर शंभर कोसांवर असावे असे वाटते. पण सासुरवाशिणीच्या भूगोलात कोसांचा हिशेब नसून आखजीच्या सणाला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मिळणाऱ्या रजेचा असतो, हे खानदेशातील कोणतीही बाई सांगेल.

आता प्रत्यक्ष गाण्यांकडे वळू. दोन्ही हातांनी खुंटा धरून बाई घरोट फिरवते, एका हाताने मधूनच ज्वारीची मूठ तोंडात सोडते, आणि दगडाची घरघर अखंड चालू असल्यामुळे गाण्याला निराळ्या तालवाद्याची गरज उरत नाही. अशा वेळी जे गावयाचे त्याचा चरण श्वासाच्या मापाचा असावा लागतो. बहिणाबाईंचा चरण बहुधा आठ अक्षरांचा आहे आणि चार चरणांचे एक कडवे. पुष्कळदा पहिल्या दोन चरणांत डोळ्यांपुढची वस्तू, म्हणजे तवा, मोट, सुगरणीचे घरटे किंवा पिकात शिरलेले ढोर, आणि पुढल्या दोहोंत तिच्यातून निघालेला अर्थ. ही बांधणी इतकी काटेकोर आहे की तिला ‘सहजस्फूर्त’ म्हणून बोळवणे हा मला तरी अन्याय वाटतो. दगडाच्या लयीवर, कागदाचा आधार न घेता, स्मृतीत कडव्यामागून कडवे रचून ठेवणे ही कारागिरी आहे. आणि कारागिरीला दैवी देणगी म्हटले की कारागिराला मजुरी द्यावी लागत नाही, ही आपल्या समाजाची जुनी सोय आहे.

शेतीची गाणी पाहा. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या एकेका कामाचे एकेक गाणे आहे, आणि प्रत्येकात त्या कामाची गती वेगळी उतरली आहे. उपणणीला वारा लागतो. खळ्यावर उंचावर उभे राहून पाटीतून धान्य सोडायचे, दाणे पायाशी पडायचे आणि भूस वाऱ्याने दूर न्यायचे, हा तो व्यवहार. पण वारा पडला तर माणसे, पाट्या, रास सर्व तयार असूनही काम खोळंबते. उपणणीच्या गाण्यात वाऱ्याला जे आर्जव आहे त्यात त्या खोळंब्याची तगमग ऐकू येते, आणि ज्याने खळ्यावर वाऱ्याची वाट पाहिलेली नाही त्याला ते गाणे केवळ निसर्गवर्णन वाटण्याचा संभव आहे. वैधव्यानंतरच्या गाण्यात बहिणाबाई ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात. तेथेही शोकाचा विस्तार नाही, परत पाठवण्याची करडी रीत तेवढी आहे.

हे सारे कागदावर आले ते दोन तरुणांमुळे. सोपानदेव शाळेच्या पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा घरी मोठ्याने वाचत होते, आई कामात होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच कथा घरोटावरच्या गाण्यात ऐकू आली, आणि मुलाने ते गाणे टिपून घेतले, अशी हकिगत सोपानदेवांनीच सांगून ठेवली आहे. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी पुढे वेळोवेळी जे टिपले तेवढे उरले. जे टिपले नाही ते त्या त्या पहाटेच्या पिठाबरोबर संपले.

येथे खानदेशाच्या दुसऱ्या टोकाकडे, धुळ्याकडे, पाहण्याचा मोह आवरत नाही. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव एकीकडे आणि धुळे दुसरीकडे गेले, आणि योगायोग असा की पश्चिमेच्या मुख्य ठाण्याने जपणुकीचे काम जणू अंगावर घेतले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे, सनदा, कैफियती गोळा केल्या आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच ते निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला लाभला. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा ही जोडी खानदेशात अशी दोनदा जमली. तुरुंगात जमली तिला शिस्तीचे वेळापत्रक होते, वाड्यात जमली तिला आईच्या दळणाची वेळ आणि मुलांची जाग एवढाच आधार होता. याच साने गुरुजींनी, जे अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, ‘स्त्रीजीवन’ या नावाने बायकांच्या ओव्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. परंतु त्या ओव्यांना मालकी नाही. त्या हजारो कंठांत घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. बहिणाबाईंच्या गाण्यांना एक कर्ती आहे, तिचे घर, तिची शेजारीण, तिचे शेत आहे, आणि म्हणून त्यांना लोकगीतांच्या राशीत ढकलून देणारे समीक्षक माझ्या मते दप्तराचा रुमालच चुकीचा बांधतात.

जळगावात छापखाना पाहून बहिणाबाईंनी एक गाणे रचले होते. कोरा कागद यंत्रातून गेला की शहाणा होऊन बाहेर पडतो, माणूस मात्र होता तसाच खुळा राहतो, असा त्याचा आशय. हा विनोद करणाऱ्या बाईंना आपली गाणी त्याच यंत्रात जातील याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. सोपानदेव स्वतः नामांकित कवी होते, ‘काव्यकेतकी’ हा त्यांचा संग्रह रसिकांना परिचित होता, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, आईची गाणी पांढरपेशा वाचकांपुढे ठेवण्याचा त्यांना संकोच वाटे. तो संकोच मोडला आचार्य अत्र्यांनी. त्यांनी टिपलेल्या गाण्यांची वही पाहिली, हे लपवून ठेवणे अपराध आहे अशा अर्थाचे सोपानदेवांना खडसावले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर पडली. बाई जाऊन तेव्हा फार दिवस लोटले नव्हते. अत्र्यांची अतिशयोक्ती प्रसिद्धच आहे. पण त्यांच्या ज्या मोजक्या घोषणांना पुढच्या पिढ्यांनी हरकत घेतली नाही त्यांत ही एक.

पुस्तकाने शब्द दिले, चाल दिली नाही. ही उणीव चित्रपटाने भरून काढली. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथेवरून अनंत माने यांनी १९६१ मध्ये ‘मानिनी’ काढला, त्यात बहिणाबाईंची गाणी घेतली, वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या, आणि महाराष्ट्राच्या बहुतांश कानांत बहिणाबाई प्रथम शिरल्या त्या सुमन कल्याणपूर यांच्या कंठातून. पुढे यशवंत देवांनी निराळ्या चाली बांधल्या आणि उत्तरा केळकरांनी त्या गायल्या. केळकरांच्या लौकिकाशी ही गाणी कायमची जोडली गेली. दोन्ही संगीतकारांनी शब्दांचा मान राखला यात शंका नाही, आणि देवांची शब्दप्रधान दृष्टी या कडव्यांना विशेष मानवली असे मला वाटते. तरीपण घरोटाच्या घरघरीवर ज्या सुरात ही गाणी निघाली तो सूर या दोहोंचा नव्हे. आणि वाद्यवृंदाच्या साथीने, मूळ बोलीप्रमाणे ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ करून गाताना शहरी गळ्यांना जो किंचित प्रयास पडतो तो असोद्याच्या कानाला लगेच जाणवतो.

मात्र हा प्रयास केला गेला हेही लहानसहान नव्हे. स्वीडनमधील ‘अ‍ॅबा’ या चौघांच्या गायकवृंदाने १९७४ साली ब्रायटन येथे युरोव्हिजन स्पर्धा जिंकली ती इंग्रजी गीतावर. स्वतःची गीते स्वतः रचणाऱ्या त्या गुणी मंडळींना जगाच्या बाजारात उतरण्यासाठी मायबोली घरी ठेवावी लागली. बहिणाबाईंच्या गाण्यांना पुण्या-मुंबईच्या बाजारात जाण्यासाठी प्रमाण मराठीचा वेश कोणी चढवला नाही. पुस्तकात, चित्रपटात, आकाशवाणीवर आणि पाठ्यपुस्तकांत ती आपल्या लेवा गणबोलीतच गेली, आणि समजली नाहीत अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या बोलीवरून एक जुना तंटा आहे. दूरची मंडळी बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी ठरवतात. तसे म्हटले की जळगाव-यावल-रावेरकडचा लेवा पाटीदार नापसंती दाखवतो, आणि धुळ्याच्या पाच कंदील भागातला अहिराणी भाषकही, ही आमची बोली नव्हे, असे प्रामाणिकपणे सांगतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. अहिराणीची क्रियापदे आणि प्रत्यय निराळे, तिचा शेजार गुजरातीशी. लेवा बोलीचा शेजार वऱ्हाडीशी. परंतु जिल्ह्याबाहेर गेलेल्या गाण्याला हद्दीच्या खुणा राहत नाहीत, आणि आता सारा खानदेश त्यांच्यावर हक्क सांगतो. १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले, तेव्हा या हक्कावर सरकारी शिक्का बसला.

सन्मानाबरोबर एक नुकसानही झाले. कारकिर्दीच्या या सत्तरहून अधिक वर्षांत त्यांची पाच-सहा कडवीच इतकी उद्धृत झाली की ती लग्नपत्रिकांवर, दिनदर्शिकांवर आणि सभेच्या समारोपात सुभाषितांसारखी वापरली जाऊ लागली. संसार आणि मन यांवरील दोन गाणी पुढे आली आणि बाकीचा संग्रह मागे पडला. खोचक, चेष्टेखोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लकबी टिपणारी बाई त्यात हरवली, आणि तिच्या जागी एक प्रसन्न, उपदेशक आजी बसवण्यात आली. संग्रह एका बैठकीत वाचला तर ही आजी फार थोड्या पानांवर सापडते.

दरम्यान खानदेशात गाणे थांबलेले नाही. अहिराणी गीतांचा एक मोठा व्यवसायच गेल्या काही वर्षांत धुळे-जळगाव पट्ट्यात उभा राहिला आहे. गावातली मुले गीत रचतात, शेतात, नदीकाठी किंवा गच्चीवर चित्रण करतात, यूट्यूबवर चढवतात, आणि ‘झुमका वाली पोर’सारखे एखादे गाणे खानदेशाच्या सीमा ओलांडून मराठी न येणाऱ्यांच्या वरातीतही वाजू लागते. त्यात काव्य किती असा प्रश्न शिष्ट मंडळी विचारतात. १९०७ च्या मंडपात घरोटावरच्या गाण्याविषयी विचारले असते तर उत्तर याहून फार वेगळे आले नसते. या गाण्यांत गाणारा हजर असतो, पडद्यावर नाचतो, लग्नाच्या मोसमात त्याला सुपारीही मिळते. गीत कोणाचे, हे मात्र वरातीत धूळ उडवणाऱ्या शंभरांपैकी एखाद्यालाच सांगता येते.