रक्तचंदनाचे काष्ठ : रंग आणि तंतू

'चंदन' या शब्दामुळे रक्तचंदनाविषयी बराच घोटाळा झालेला आहे. सहाणेवर उगाळून सुजेवर लेप देण्यासाठी महाराष्ट्रात घरोघरी ठेवले जाणारे हे तांबडे खोड सुगंधी श्वेतचंदनाच्या कुळातील नव्हे. शिंबावंत कुळातील टेरोकार्पस सँटॅलिनस या वृक्षाचे ते मध्यकाष्ठ होय. आपल्याकडील बिबळा त्याच प्रजातीत मोडतो. चंदनाचा सुवास त्याला नाही. रतनगुंजेचे लाकूडही बाजारात कित्येकदा याच नावाने खपते, हा घोटाळ्याचा आणखी एक पदर.

दक्षिण आंध्रातील शेषाचलम, वेलिकोंडा इत्यादी डोंगरांतील उथळ, खडकाळ जमीन हे या वृक्षाचे मूलस्थान. रसकाष्ठ फिकट असते. मध्यकाष्ठ गर्द तांबडे, उघड्यावर राहिल्यास काळपट जांभळे होणारे आणि पाण्यात बुडण्याइतके जड. त्यातील सँटॅलिन हे रंगद्रव्य मद्यार्कात सहज विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. सहाणेवर उतरते ते द्रावण नसून लाकडाची बारीक भुकटीच असते! या रंगासाठीच हे लाकूड पूर्वी कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपास जाई. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग निघाले आणि त्या व्यापाराचे महत्त्व ओसरले.

सुताराच्या दृष्टीने मात्र रंग गौण, तंतूंची रचना प्रधान. लागोपाठच्या थरांतील तंतू परस्परविरुद्ध दिशांना कललेले असल्याने रंधा एका पट्टीवर गुळगुळीत फिरतो, तर शेजारच्या पट्टीवर तंतू उचकटतो. पाते धारदार व अगदी थोडे बाहेर काढलेले हवे. शेवटचा हात काचकागदाचा. सुकवताना घाई केल्यास टोके चिरतात. एवढी मेहनत घेतल्यावर कातकाम व कोरीवकाम उत्तम साधते आणि झिलई अप्रतिम चढते. वाळवीही या लाकडाच्या वाटेस सहसा जात नाही.

काही थोड्या वृक्षांत तंतू लाटांप्रमाणे वळलेले असतात. प्रत्येक लाटेवरून प्रकाश निराळ्या कोनात परावर्तित झाल्यामुळे पृष्ठभाग हलता भासतो. जपानी शामिसेन वाद्याची उत्कृष्ट प्रतीची दांडी या लाकडाची करतात. तिच्यावर पडदे नसतात. बोटे थेट दांडीवर घासत असल्याने न झिजणारे, न वाकणारे लाकूडच तेथे लागते. चीनमध्ये 'झीतान' या नावाने त्याचे राजेशाही फर्निचर बनत असे. २००० सालच्या चिनी प्रमाणकात त्या नावास हीच एक जाती पात्र ठरली आहे.

या मागणीनेच वृक्षावर संकट आणले. १९९५ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. तरीही चोरटी तोड थांबलेली नाही. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसी गोळीबारात २० माणसे मारली गेली, ती याच लाकडापायी. तंतू तरंगित आहेत की सरळ, हे उभ्या झाडाच्या बाह्य रूपावरून खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा एका मोलाच्या खोडासाठी सरळ तंतूंची कित्येक झाडे आडवी होणे ओघानेच येते.