माणिक : मुलाचेही, मुलीचेही

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत इंगळ्यांच्या घरी मुलगा झाला आणि त्याचे नाव माणिक ठेवले गेले. १९२६ साली पुण्यात दादरकरांकडे मुलगी झाली, तीही माणिक. १९३७ साली नागपुरात गोडघाट्यांच्या घरी पुन्हा मुलगा, पुन्हा माणिक. यांतला पहिला पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ओळखला गेला, दुसरी गायिका माणिक वर्मा झाली आणि तिसरा कवी ग्रेस. अठ्ठावीस वर्षांच्या अंतरात एकच नाव, ना काना बदलला ना मात्रा. आज बारशाच्या यादीत हे नाव क्वचितच दिसते. म्हणूनच त्याची नीट ओळख करून घ्यायला हवी.

लेकराला रत्नाचे नाव देण्याची आपली रीत जुनी आहे. हिरा, मोती, माणिक, रत्ना ही नावे गावोगाव सापडतात. त्यांतले माणिक नवरत्नांमध्ये सूर्याचे मानले जाते, म्हणून नवरत्नांच्या अंगठीत ते मध्यभागी बसवतात. नावाच्या आद्याक्षरांच्या पारंपरिक कोष्टकात ‘मा’ हे अक्षर मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे. मघा सिंह राशीत येते आणि सिंहेचा स्वामी सूर्यच. पत्रिकेवरून नाव काढणाऱ्या घरात मघावरच्या बाळासाठी माणिक सुचणे त्यामुळे अगदी स्वाभाविक होते. खनिजशास्त्राच्या दृष्टीने माणिक म्हणजे क्रोमियममुळे लाल झालेला कुरुविंद. नैसर्गिक रत्नांमध्ये त्याच्याहून कठीण असतो तो हिराच. तेज आणि टणकपणा दोन्ही असलेले हे रत्न मुलाला शोभते तसेच मुलीलाही.

नाव दोघांकडे गेले, यात व्याकरणाचाही हात आहे. संस्कृतातले माणिक्य नपुंसकलिंगी. आकारान्त असते तर ते मुलींकडे झुकले असते. मराठीत माणिकला, माणिकने, माणिकचे ही रूपे मुलामुलींसाठी सारखीच चालतात. बापाचे नाव आणि आडनाव जोडले तरी उलगडा होत नाही. ‘माणिक आला’ की ‘माणिक आली’, हे क्रियापद आल्यावरच कळते. व्यवहारात फरक दाखवायचा असेल तर एकाला माणिकराव आणि दुसरीला माणिकबाई किंवा माणिकताई म्हणायचे, एवढेच.

पुरुषांमध्ये या नावाला मोठा आधार मिळाला तो माणिकप्रभूंमुळे. त्यांचा जन्म १८१७ साली कल्याणीजवळच्या लाडवंतीत झाला आणि १८६५ साली त्यांनी समाधी घेतली. बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादजवळचे माणिकनगर हे त्यांचे स्थान. त्यांच्या सकलमत संप्रदायाची भूमिका सर्व मतांचा आदर करण्याची होती. मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत त्यांनी पदे रचली. मराठवाडा आणि बीदरच्या पट्ट्यात हे नाव श्रद्धेने ठेवले जाते. त्या पट्ट्याबाहेरही हे नाव होते; खानदेशात माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले.

बायकांमध्ये या नावाला प्रतिष्ठा दिली ती गाण्याने. माणिक वर्मांनी किराणा घराण्याची तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे घेतली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणातही त्यांचा स्वर होता. भावगीत, ठुमरी, ख्याल या सगळ्यांत त्यांनी जे मिळवले ते माणिक याच नावाने. किशोरी आमोणकरांच्या शिष्या आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या आई माणिक भिडे यांनीही तेच नाव संगीतात राखले. विदर्भातल्या दोन माणिकांनी मात्र दुसरी नावे धारण केली. गुरू आडकोजी महाराजांनी एकाला तुकड्या म्हटले, तर दुसऱ्याने ‘ग्रेस’ हे नाव स्वतःच घेतले. ख्रिस्ती घरांत हे नाव मुलींचे, आणि त्याच नावाने मराठी कवितेतला एक पुरुष ओळखला जातो!

महाराष्ट्राबाहेरही या नावाची भावंडे आहेत. बंगालात मानिक हे पुरुषाचे नाव आणि आईच्या तोंडी लाडाचे संबोधन. सत्यजित राय यांना घरी याच नावाने हाक मारत. त्रिपुराच्या राजघराण्याचे बिरुद माणिक्य, आणि त्याच राज्याने पुढे माणिक सरकार व माणिक साहा असे दोन मुख्यमंत्री पाहिले. तामिळनाडूत माणिक्कवाचकर हे थोर शैव संतकवी. आंध्रातल्या द्राक्षारामम् येथे मात्र देवी माणिक्यांबा आहे. गुजरातीत रूप बदलून माणेक झाले. त्यातून माणेकलाल, माणेकबाई आणि पारशी माणेकजी आले. प्रत्येक प्रांताने हे रत्न आपापल्या परीने वाटून घेतले. मराठीने ते प्रत्यय न लावताच दोघांना दिले, हे तिचे वेगळेपण.

अशी नावे मराठीत आणखीही आहेत. किरण मोरे आणि किरण बेदी ही दोन्ही नावे आपल्याला सारखीच परिचयाची. कादंबरीकार सुहास शिरवळकर पुरुष, तर अभिनेत्री सुहास जोशी स्त्री. शीतल म्हटले की आपल्याला मुलगी आठवते. पण सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष भेटतात, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ.

मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असे नाव हवे म्हणून आज कितीतरी तरुण आईबाप परदेशी याद्या चाळतात. त्यांची ही इच्छा रास्त आहे, मुलीचे नाव नाजूकच असावे हा आग्रह सुटायलाच हवा. पण त्यासाठी दूर जायची गरज नाही. माणिक तीन अक्षरांचे आहे, देशाच्या अनेक भाषांत ओळखीचे आहे, आणि संत, गायिका, कवी अशा सगळ्यांनी ते मिरवले आहे. जन्मलेले बाळ कोण आहे यापेक्षा ते आपल्याला किती मोलाचे आहे, एवढेच हे नाव सांगते. येत्या बारशाला आत्याबाईंनी ते सुचवावे आणि घराने आनंदाने स्वीकारावे.