गोष्टीतला मुलगा खोटा असतो का?

मी वहीत गण्याची गोष्ट लिहिली होती. गण्या म्हणजे मीच. गण्याचे आई-आबा ऊसतोडीवरून संक्रांतीला दोन दिवस घरी येतात, असं मी लिहिलं. तेव्हा वर्गातली मुलं म्हणाली, "तुझे आई-बाप तर कारखान्यावरच आहेत. तू खोटं लिहितोस." मला फार वाईट वाटले. मग बाईंनी मला रस्टीची माहिती सांगितली. ती मी सर्वांसाठी लिहीत आहे.

रस्किन बाँड हे इंग्रजीत लिहिणारे भारतीय लेखक. त्यांचा जन्म १९ मे १९३४ रोजी कसौली येथे झाला. वडिलांचा त्यांना फार लळा होता. पण १९४४ साली वडील वारले. तेव्हा रस्किन दहा वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढेच.

शाळा संपल्यावर त्यांना इंग्लंडकडे धाडले. तिथे त्यांना करमेना. डेहराडूनची आणि तिथल्या दोस्तांची सारखी आठवण येई. म्हणून ते सगळं वहीत लिहू लागले. त्यातूनच 'द रूम ऑन द रूफ' ही कादंबरी झाली. म्हणजे गच्चीवरची खोली. ती १९५६ साली छापली गेली.

तिच्यात रस्टी नावाचा मुलगा आहे. त्याला सांभाळणारा माणूस छडीने मारतो, म्हणून तो घर सोडतो. मग मित्रांच्या आधाराने गच्चीवरच्या खोलीत राहतो. एका मुलाला शिकवतो.

रस्टी म्हणजे रस्किन बाँडच, पण सगळा नाही. रस्टी अनाथ आहे. लेखकांची आई तर होती. एकटेपणा मात्र दोघांचा सारखाच.

या पुस्तकाचे आगाऊ पैसे मिळाले, त्यातून ते बोटीने भारतात परत आले. म्हणजे रस्टीनेच त्यांना घरी आणलं! पुढे ते मसुरीला राहिले. रस्टीला ते विसरले नाहीत. त्याच्या आणखी पुष्कळ गोष्टी त्यांनी लिहिल्या. काहींत तो अगदी लहान आहे, आजीकडे राहतो. २०२४ साली लेखक नव्वद वर्षांचे झाले. रस्टी अजून मुलगाच आहे.

बाई म्हणाल्या, "खोटं आपण दुसऱ्याला फसवायला बोलतो. गोष्टीत प्रसंग रचलेला असतो, पण मनातलं खरं असतं."

तेव्हा मुलांनो, माझा गण्या खोटा नाही. संक्रांतीला आई-आबा आले नाहीत हे खरं. ते यावेत असं मला वाटत होतं, हेही खरंच.

आता कारखान्याचा पट्टा पडला की ते येतील. आईला वाचता येत नाही. मी तिला इथे भिंतीपाशी आणून हे सगळं वाचून दाखवणार आहे.

— इयत्ता ४ थी