तबकडीवरचे नाव आणि तबकडीमागचे हात

हैदराबादला जाऊन आलेल्या कोणाही नातेवाईकाला विचारा, "सालारजंग म्युझियममध्ये काय पाहिलंत?" तो आधी घड्याळाचेच नाव घेईल. तास भरायची वेळ झाली की त्या घड्याळासमोर माणसांची ही गर्दी जमते. लहान मुले बापाच्या खांद्यावर चढतात. मग घड्याळातले एक छोटे दार उघडते, एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो आणि मुकाट्याने आत निघून जातो. लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात.

मुलांच्या सुट्टीत आम्हीही सहकुटुंब ते पाहून आलो. सोबत आमच्या मावशी होत्या. उभा जन्म त्यांनी मोलमजुरीत काढलेला. टोले संपले, गर्दी पांगली, तरी मावशी जागच्या हलेनात. त्या घड्याळात आणखी एक बाहुला आहे. तो लोहार आहे. सेकंदासेकंदाला तो आपला घण मारीत असतो. मावशी म्हणाल्या, "अरे, तासाला एकदा येऊन जाणाऱ्याला सगळे बघतात. हा बिचारा एकसारखा राबतोय, त्याच्याकडे कोण बघतं?"

मावशींचे हे बोलणे आमच्या मनातून जाईना. परत आल्यावर आम्ही जुन्या घड्याळांविषयी मिळेल ते वाचून काढले. तेव्हा कळले की घड्याळात तो लोहार अगदी योग्य जागी बसला आहे. घड्याळाचा सारा इतिहासच मुळी लोहाराच्या ऐरणीपासून सुरू होतो.

मूठ कशासाठी?

सालारजंगचे घड्याळ इंग्लंडमध्ये तयार झाले आणि कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या कंपनीने त्याची जोडणी केली. इंग्रज लोक या जातीच्या घड्याळाला 'ब्रॅकेट क्लॉक' म्हणतात. आपण त्याला टेबलावरचे घड्याळ म्हणू. चौकोनी लाकडी पेटी, पुढे काच, मागेही काच आणि वर धरायला पितळी मूठ.

ही मूठ शोभेसाठी नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी घड्याळ ही इतकी महागडी वस्तू होती की श्रीमंताच्या घरीही बहुधा एखादेच असायचे. दिवसा ते दिवाणखान्यात आणि रात्री निजायच्या खोलीत. नोकर मुठीला धरून ते इकडून तिकडे नेत असे. तेव्हा काडेपेटी नव्हती. मध्यरात्री जाग आली आणि किती वाजले ते पाहायचे तर दिवा पेटवणे हाच मोठा खटाटोप. म्हणून कारागिरांनी घड्याळाच्या बाजूला एक दोरी बसवली. अंधारात ती ओढली की घड्याळ मागच्या तासाचे आणि पाव तासांचे टोले पुन्हा देत असे. डोळे न उघडता वेळ कळायची.

त्याआधीची घड्याळे दिवसाला पाव-पाव तास मागेपुढे होत. 1656 साली हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने घड्याळाला लंबक लावण्याची युक्ती काढली. ती प्रत्यक्षात उतरवली हेग शहरातल्या सॉलोमन कॉस्टर या घड्याळजीने. 1657 साली लंडनच्या फ्रोमंटील नावाच्या घड्याळजीचा मुलगा कॉस्टरकडे कामाला राहिला आणि 1658 साली लंडनमध्ये लंबकाच्या घड्याळांची जाहिरात छापून आली. शास्त्रज्ञाचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. कॉस्टरचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

लोहाराचा पोर

सुरुवातीचे घड्याळजी म्हणजे लोहार आणि कुलुपे करणारे. लोखंड तापवायचे, ठोकायचे, कानशीने घासून चक्राचा एकेक दात पाडायचा, हे काम त्यांच्याशिवाय कोणाला येणार? लंडनमध्ये घड्याळजी लोहारांच्याच संघात मोडत. 1631 साली त्यांना राजाकडून सनद मिळाली आणि त्यांचा वेगळा संघ झाला. त्यात शिरायचे तर मुलाला सात वर्षे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे.

या सर्वांत मोठा झाला तो थॉमस टॉम्पियन. त्याचा जन्म 1639 सालचा, बेडफर्डशायरमधल्या एका खेड्यातला. आजा लोहार, बाप लोहार. 1671 साली तो लंडनला आला. पुढे चार वर्षांनी त्याच्या हातचे घड्याळ दुसऱ्या चार्ल्स राजाच्या हाती गेले. 1676 साली ग्रिनिच येथे नवी वेधशाळा उभी राहिली, तिची घड्याळेही टॉम्पियननेच केली.

त्याला राजाकडे नेणारा माणूस होता रॉबर्ट हुक. हुक हा मोठा शास्त्रज्ञ. कल्पना त्याची आणि हात टॉम्पियनचे. पण मनासारखे लवकर होईना की हुकसाहेब आपल्या रोजनिशीत या कारागिराला गावंढळ काय, कुत्रा काय, वाटेल त्या शिव्या लिहून ठेवीत. ज्याच्या हातांवाचून आपले काम अडते त्यालाच हिणवायचे, ही रीत काही एकाच मुलखातली नाही हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

टॉम्पियनने उत्तर दिले ते कामातून. तिसऱ्या विल्यम राजासाठी त्याने 1690 च्या सुमारास टेबलावरचे एक घड्याळ केले. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकदा चावी दिली की ते वर्षभर चालते आणि तासाचे टोलेही देते. आजही जाणकार त्याच्यापुढे थक्क होतात.

पान्याची युक्ती

वर्षभर म्हणजे काय, आठ दिवस चालणारे घड्याळ करणेही सोपे नव्हते. अडचण होती कमानीची, म्हणजे स्प्रिंगची. नुकतीच चावी दिलेली कमान जोरात ओढते आणि उलगडत जाईल तशी ढिली पडते. म्हणजे सकाळी घड्याळ धावणार आणि रात्री रखडणार.

यावर कारागिरांनी शोधलेला तोडगा आमच्या कारखान्यातल्या भावांना लगेच समजेल. आखूड पान्याने नट सोडवायला जास्त जोर लागतो, लांब पान्याने कमी जोरात भागते. घड्याळात त्यांनी शंकूच्या आकाराची एक गरारी बसवली. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला रुंद. कमान जोरात असते तेव्हा ती निमुळत्या टोकावरून ओढते. तिचा जोर ओसरतो तशी दोरी रुंद टोकाकडे सरकते, जणू पाना लांब होत जातो. त्यामुळे चक्रांना मिळणारी ओढ सदा सारखी राहते. ही युक्ती टॉम्पियनच्याही सुमारे दोनशे वर्षे आधीची आहे.

या गरारीवर आधी जनावराच्या आतड्याची तात गुंडाळीत. पुढे साखळी आली. आणि त्या साखळीशी आमच्या गोष्टीतला कडू भाग बांधलेला आहे.

साखळी जोडणाऱ्या मुली

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्च नावाचे गाव आहे. 1790 च्या सुमारास तेथे घड्याळांच्या साखळ्या करण्याचा धंदा सुरू झाला. सायकलची चेन डोळ्यांपुढे आणा. तशीच, पण खिशातल्या घड्याळासाठी असेल तर जाडसर दोऱ्याएवढी बारीक. प्रत्येक कडी पोलादी पत्र्यातून ठोकून काढायची, तिची भोके जुळवायची, बारीकशी रिव्हेट घालून ठोकायची. एका साखळीत अशा शेकडो कड्या.

हे काम करीत होत्या बायका आणि लहान मुली. गावच्या गरीबखान्यातल्या, म्हणजे ज्यांना अन्नवस्त्राचा आधार नाही अशांना ठेवीत त्या घरातल्या मुलीही त्यात होत्या. बारीक बोटे हवीत, तीक्ष्ण नजर हवी, आणि मजुरी कमी द्यावी लागावी. लहान पोरींकडे हे तिन्ही मिळे. दिवसभर वाकून काम करता करता नजर अधू होई. त्यांची बोटे ज्या घड्याळांत फिरली ती घड्याळे त्यांच्या घरात कधीच आली नसतील.

दुसरा प्रकार मुलाम्याचा. जुन्या घड्याळांची पितळी नक्षी सोन्यासारखी लखलखते. सोने पाऱ्यात कालवून ते पितळेवर चोपडीत आणि मग ते तापवीत. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने मागे उरे. पण ती वाफ जाई कोठे? मुलामा देणाऱ्याच्या छातीत. पाऱ्याच्या विषाने त्या कारागिरांचे हात थरथरू लागत, अंगाला कंप सुटे. दिवाणखान्यातल्या त्या झळाळीची किंमत अशी कोणीतरी दुसऱ्यानेच मोजलेली असे.

शिवाय पेटी करणारा सुतार वेगळा, कमानी करणारा वेगळा, घंटा ओतणारा वेगळा, मागच्या पितळी पत्र्यावर वेलबुट्टी कोरणारा वेगळा. आणि तबकडीवर नाव? ते एकाचेच. पुष्कळदा तर ते नाव करणाऱ्याचेही नसे, दुकानात बसून विकणाऱ्याचे असे.

एका दगडाखाली दोघे

पण सगळेच मालक सारखे नव्हते. टॉम्पियनच्या कारखान्यात जॉर्ज ग्रॅहॅम नावाचा गरीब घरचा होतकरू तरुण कामाला आला. टॉम्पियनने त्याला आपल्या पुतणीचा नवरा म्हणून जवळ केले आणि पुढे धंदाही त्याच्या हाती दिला. ग्रॅहॅमने गुरूच्या पुढे पाऊल टाकले. थंडी-उन्हाने लंबकाची लांबी कमीजास्त होते, म्हणून घड्याळ चुकते. ग्रॅहॅमने लंबकातच पाऱ्याची नळी बसवून तो फरक मारून टाकला.

त्याहून मोठी गोष्ट पुढची. 1730 च्या सुमारास जॉन हॅरिसन नावाचा खेड्यातला एक सुतार त्याच्या दारी आला. समुद्रावर अचूक चालेल असे घड्याळ करायचे स्वप्न घेऊन तो आला होता. ते साधले तर वाट चुकून फुटणारी जहाजे वाचणार होती. ग्रॅहॅमने त्याचे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि व्याज न घेता, काही गहाण न ठेवता त्याला पैसे दिले. हॅरिसनचे स्वप्न पुढे खरे ठरले. पुरेपूर मोबदल्यासाठी मात्र त्याला म्हातारपणापर्यंत सरकारशी झगडावे लागले. 1773 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेवटची मोठी रक्कम त्याच्या हाती पडली.

टॉम्पियन 1713 साली वारला, ग्रॅहॅम 1751 साली. राजेरजवाडे जेथे पुरले जातात त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लोहाराच्या या पोराला आणि त्याच्या शिष्याला एकाच दगडाखाली जागा मिळाली. 1838 साली कोणीतरी तो दगड काढून टाकला. पण लोकांना ते सोसले नाही. 1866 साली तो पुन्हा जागेवर बसवण्यात आला.

आपल्या घरातले घड्याळ

आता वाचकहो, आपल्या घराकडे वळू. राजाचे घड्याळ आपल्याकडे नसेल. पण पुष्कळ घरांत आजोबांचे गजराचे घड्याळ कपाटावर धूळ खात पडलेले असते. याच घड्याळाने पहाटे उठवून आपल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या पाळीला गिरणीच्या भोंग्याआधी पोचवले. ते भंगारात घालू नका. त्यात खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल कधी सोडू नका. ते थंडीत गोठते, धूळ धरते आणि चक्रे जाम होतात. घड्याळाचे तेल वेगळे असते, थेंबभर पुरते. चावी रोज ठरावीक वेळी द्या आणि घट्ट लागली की थांबा. टोल्यांचे घड्याळ असेल तर काटे उलटे फिरवू नका. आणि मुलांना एकदा घड्याळजीच्या दुकानात नेऊन ते उघडलेले दाखवा. सगळी चक्रे एकमेकांना कशी धरून चालतात ते त्यांना पाहू द्या. शंभर पाने वाचून कळणार नाही ते एका नजरेत कळेल.

जुनी घड्याळे उघडणारे जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. पितळी पत्र्याच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, पुष्कळदा बारीक अक्षरात खरडलेली नावे आणि साल सापडते. कोणी घड्याळ घडवले, कोणी पुढे दुरुस्त केले, त्यांनी सुईच्या टोकाने आपली खूण ठेवलेली असते. बाहेर तबकडीवर ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी आत जागा करून घेतली.

आम्ही हे मावशींना वाचून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या साखळीवाल्या पोरींनी मात्र कुठं नाव लिहिलं असेल रे? कडीवर जागा तरी कुठं होती!"

म्हणून हा लेख. पुढच्या वेळी हैदराबादला गेलात की बारा टोले जरूर ऐका, मुलांना टाळ्याही वाजवू द्या. पण टोले संपल्यावर लगेच निघू नका. खालच्या लोहारापुढे घटकाभर थांबा. तो थांबला तर वरचा दाढीवाला कसला बाहेर येतोय?